एकाच वॉर्डात, एकमेकांकडून

प्रश्न : वैद्यक, परिचर्या व भौतिकोपचाराचे विद्यार्थी एकत्र काम करण्यास कसे शिकतात?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या व्याख्येनुसार आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणजे दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसह शिकणे, केवळ एका सभागृहात बसून व्याख्यान ऐकणे त्यात बसत नाही. स्वीडनच्या लिनशोपिंग विद्यापीठाने १९८६ पासून हा विचार अभ्यासक्रमात आणला आणि १९९६ मध्ये प्रशिक्षण-वॉर्ड, म्हणजे पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांच्या चमूने चालवलेला रुग्णालयातील खराखुरा वॉर्ड, सुरू केला. अशा वॉर्डात रुग्णाची मूलभूत शुश्रूषा सर्वांनाच करावी लागते (भावी डॉक्टरांना ते नेहमीच रुचते असे नाही), आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरी केव्हा पाठवावे हे ठरवताना एकाला जखम, दुसऱ्याला घरचा जिना, तर तिसऱ्याला रात्रीची वेदना महत्त्वाची वाटते, त्या मतभेदातूनच निर्णय घडतो.