सत्रान्त आणि सहकाऱ्यांचे मंडळ : छत्तीसगढातील मराठीभाषक पत्रकारांच्या निमित्ताने

संज्ञापन व वृत्तपत्रविद्या या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शेवटच्या सत्राची अखेर ही मोठी चमत्कारिक अवस्था असते. प्रबंधिका सादर झालेली असते, तोंडी परीक्षा उरकलेली असते, आणि दोन वर्षे एकमेकांचे लेखन वाचणारी व त्यावर तावातावाने वाद घालणारी मुले आठवडाभरात पांगतात. विद्यापीठ पदवी देते. परंतु लिहिलेला मजकूर छापण्यापूर्वी वाचून चुकीवर बोट ठेवणारा मित्र देत नाही. तो वर्गाबरोबर आपोआप लाभलेला असतो आणि बहुधा वर्गाबरोबरच जातो. ज्याला आपण व्यावसायिक वाढ म्हणतो ती पदवीपेक्षा या मित्रावर अधिक अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते उदाहरणांनी तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू होय.

उदाहरणे दूरची घेण्याचे कारण नाही. हा लेख भिलाईच्या वैशाली नगरात लिहिला जात आहे. येथील पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार १९५५ साली झाला व पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन फेब्रुवारी १९५९ मध्ये झाले. कारखान्याच्या ओढीने देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, तशी विदर्भातूनही आली. त्या घरांतील आजची मुले घरी मराठी बोलतात, बाजारात छत्तीसगढी बोलतात आणि बातमी लिहितात ती हिंदीत. पत्रकारितेकडे वळणाऱ्या अशा विद्यार्थ्याला पुष्कळदा वाटते, की आपण ना पुण्या-नागपूरच्या परंपरेतले, ना येथल्या. ही समजूत इतिहासाला धरून नाही. या भूमीतील हिंदी पत्रकारितेचा पाया घालणारे मंडळच मुळी मराठीभाषक होते.

माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी पदवी मिळाल्यावर सरकारी नोकरी धरली नाही. पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक म्हणून ते राहिले, आणि त्या वेतनातून शिल्लक टाकून जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक त्यांनी सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांच्या जोडीला होते आणि प्रकाशक म्हणून वामन बळीराम लाखे यांचे नाव होते. पेंड्रा हे आडगाव. छपाई प्रथम रायपुरास व पुढे नागपुरास होई. मासिक तीन वर्षे चालले आणि १९०२ अखेर तोट्यामुळे बंद पडले. हिशेबाच्या दृष्टीने हे अपयशच म्हणावयास हवे. परंतु ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही सप्र्यांची कथा, जिची गणना हिंदीतील अगदी आरंभीच्या कथांत केली जाते, ती याच मासिकात १९०१ मध्ये आली. आणि हिंदीत ग्रंथपरीक्षणाला शिस्त लावण्याचे श्रेयही अभ्यासक याच मासिकाला देतात.

परीक्षणाचा हा मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. परिचिताच्या पुस्तकाविषयी गुण आणि दोष दोन्ही लिहून छापणे, आणि तरीही संबंध टिकविणे, ही सवय एकट्याने लागत नाही. ती लागण्यास दोन-तीन समानधर्मी माणसे लागतात. आजच्या वर्गात स्तुती फार होते व दोषदिग्दर्शन शिक्षकावर सोपविले जाते, हे जाता जाता नमूद केले पाहिजे.

मासिक बंद पडले तरी काम थांबले नाही. १९०६ मध्ये नागपुरातून ‘हिंदी ग्रंथमाला’ निघाली आणि एप्रिल १९०७ मध्ये टिळकांच्या ‘केसरी’च्या धर्तीवर ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक निघाले. येथून पुढचा भाग गौरवलेखांत घाईने उरकला जातो. विद्यार्थ्यांनी मात्र तेथेच थांबावे. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून सप्र्यांना अटक झाली, आणि काही महिन्यांनी माफीपत्रावर सही करून ते सुटले. त्यामागे वडील बंधूंचा निकराचा आग्रह होता, असे चरित्रकार सांगतात. कारण काहीही असो, ज्याच्या लेखणीवर तरुणांचा विश्वास होता त्याने सही केली होती, आणि ती सल त्यांना आयुष्यभर राहिली. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले आणि रामदासी साधनेकडे वळले.

व्यवसायात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला लहानमोठी अशी सही कधीतरी येते. जाहिरातदारासाठी बातमी मागे घेणे, न पाहिलेल्या घटनेखाली आपले नाव घालू देणे, ही त्याच जातीची प्रकरणे. त्यानंतर मनुष्य पुन्हा उभा राहतो की नाही, हे त्याच्या भोवती कोण आहे यावर पुष्कळ अंशी ठरते. सप्र्यांना वाळीत टाकले गेले नाही. ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद त्यांनी एकान्ताच्या काळातच केला. १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या हिंदी अनुवादाचे काम खुद्द टिळकांनी त्यांच्याकडे सोपविले. ज्या राजकारणात ते अडखळले होते, त्याच राजकारणाच्या अग्रणीने दाखविलेला हा विश्वास होता.

दुसरा धागा याहून सूक्ष्म आहे. ‘हिंदी केसरी’ने १९०८ मध्ये राष्ट्रीय चळवळ व बहिष्कार या विषयावर निबंधस्पर्धा घेतली. तीत खांडव्याचा एक तरुण शिक्षक पहिला आला. त्याचे नाव माखनलाल चतुर्वेदी. सप्र्यांनी त्याच्याशी संबंध तुटू दिला नाही. पुढे १९२० मध्ये जबलपुरास ‘कर्मवीर’ निघाले तेव्हा त्यामागे सप्र्यांची प्रेरणा होती आणि संपादक होते चतुर्वेदी. एका स्पर्धेतील कागद वाचण्यापासून वृत्तपत्राच्या जन्मापर्यंत बारा वर्षे गेली. व्यावसायिक संबंध म्हणजे ओळखपत्रांची देवघेव नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

अर्धशतकानंतर, भिलाईपासून जवळच राजनांदगावी, गजानन माधव मुक्तिबोध आले. त्यांचीही मातृभाषा मराठी. बंधू शरच्चंद्र मराठीतील नामवंत कवी. गजाननरावांनी नागपुरात आकाशवाणीवर काम केले, ‘नया खून’ या साप्ताहिकात टोपणनावांनी राजकीय लेखन केले, एम. ए. केले ते पस्तिशीच्या सुमारास, आणि १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात ते अध्यापक झाले. हरिशंकर परसाईंनी जबलपुराहून काढलेल्या ‘वसुधा’त त्यांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’तील लेख येत राहिले. १९६४ मध्ये ते दिल्लीस अंथरुणाला खिळले असताना त्यांच्या पहिल्या कवितासंग्रहाची जुळवाजुळव मित्रांनी केली. तो छापील रूपात पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मंडळ म्हणजे एकमत, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. टिळक व आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले, आणि १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडून पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. मतभेद उघड छापले गेले म्हणूनच दोन्ही पत्रे वाचनीय झाली. याउलट, एकमेकांची केवळ पाठराखण करणारा गट कंपू होतो आणि त्यातील कोणाचीच लेखणी धार धरीत नाही.

सत्रान्ती विद्यार्थी व्हॉट्सॲपवर गट काढतात. दोन-तीन महिन्यांत त्यावर वाढदिवसांच्या शुभेच्छा तेवढ्या उरतात, कारण गटाला काम नसते. पाच-सहा जणांनी महिन्यातून एकदा, प्रत्येकाचा एकच छापून आलेला मजकूर समोर ठेवून बसावे; संपादकाने काय कापले व का, याची चर्चा करावी; आणि ज्याला अद्याप नोकरी नाही त्याला प्रथम बोलू द्यावे. अंतरामुळे भेट होत नसेल तर टिपणे लिहून पाठवावीत. बोललेली टीका विसरली जाते, लिहिलेली जपून राहते.

मराठी घरांतील विद्यार्थ्यांसाठी सुटीतील एक अभ्यास सुचवितो. गोंदिया आणि राजनांदगाव या लगतच्या जिल्ह्यांमध्ये राज्याची सीमा आहे. धान, जंगल, मजुरांचे स्थलांतर हे प्रश्न दोहोंकडे सारखे आहेत. नागपूरची मराठी पत्रे व रायपूरची हिंदी पत्रे ते निरनिराळ्या रीतीने मांडतात. एकाच घटनेची दोन वृत्ते घ्यावीत, शीर्षक, पहिले वाक्य आणि उद्धृत केलेली माणसे ताडून पाहावीत, आणि मग तिसरे वृत्त स्वतः लिहावे. ते जूनच्या आत निदान एका वर्गमित्राने लाल शाईने तपासलेले असावे.