विचारायला कचरू नकोस

यवतमाळच्या कापूसपट्ट्यातली गावं तुझ्याकडे आली आहेत. जाण्याआधी चार गोष्टी पदरात बांधून ठेव.

‘नैराश्य आहे का?’ असं कोणाला विचारू नकोस, उत्तर ‘नाही’च येणार. इथला माणूस म्हणतो, डोकं जड आहे, जीव घाबरा होतो, अंगात त्राण नाही. झोपेपासून सुरुवात कर. पहाटे कितीला जाग येते, घास उतरतो का, वावरात जावंसं वाटतं का. रोज फेरी मारणारा गडी आठ दिवस खाटेवरून हललेला नाही, हे तो सांगत नाही, बायको सांगते. आणि बायकोलाही तिचं वेगळं विचार. कर्ज त्याच्या नावावर असलं तरी तगादा दोघांनाही झेलावा लागतो.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली जवळ असू दे. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, जास्तीत जास्त २७ गुण. १० किंवा त्याहून जास्त आले की डॉक्टरांकडे न्यायचंच. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे एक गुण जरी पडला, तरी बेरीज बाजूला ठेव आणि बोलायला बस.

नेमकी इथेच नव्या पोरींची जीभ अडखळते. विचारल्याने मनात नसलेला विचार शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. घरच्यांना जरा बाजूला कर आणि सरळ विचार, ‘‘एवढं अंगावर पडलं की जगणं नकोसं होतं. तुमच्या मनात जीव द्यायचं येतं का?’’ ‘हो’ आलं तर पुढे जा. कसं, कधी ते ठरवलंय का? त्यासाठी काही हाताशी आहे का? आधी कधी प्रयत्न केलाय का? एकेका होकाराने धोका चढतो. त्यात दारू असेल तर आणखी. ‘पोराबाळांकडे बघा’ मात्र म्हणू नकोस. तो आधीच स्वतःला त्यांच्यावरचं ओझं समजतोय.

खचलेला माणूस एकाएकी शांत झाला, उसनंपासनं फेडू लागला, पोरांना कोणाच्या हवाली करायच्या गोष्टी बोलू लागला, तर ‘सुधारला’ म्हणू नकोस. त्याच दिवशी पुन्हा जा.

धोका दिसला की एकटं सोडायचं नाही. फवारणीचं औषध घरातून हलवायचं किंवा कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. रात्री सोबतीला कोण, ते नाव घेऊन ठरवायचं. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या आणि घरच्यांच्या मोबाइलमध्ये स्वतः टाकून दे. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत. प्रयत्न केलेल्याच्या घरी पोलिसांची धास्ती असते. त्यांना सांग, २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली आहे असंच धरून चालतं आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं.

‘कोणाला सांगू नका ताई’ असं म्हणतील. तसं वचन देऊ नकोस. कोणाला आणि का सांगणार, ते त्यांच्यासमोरच बोल. नोंदवहीत ‘ठीक आहे’ लिहू नकोस. त्याचेच शब्द, सोबतीचं नाव, पुढच्या भेटीची तारीख लिही. आणि ज्या दिवशी असं ‘हो’ ऐकशील, त्या संध्याकाळी मला फोन कर. हा भार एकटीने वाहायचा नसतो.