कण्हेरीवरची हिरवी अळी

पावसाळा लागला की शाळेच्या कुंपणावरील कण्हेरीवर (आपल्या इंदुरात सगळे तिला कनेरच म्हणतात) बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या दिसू लागतात आणि 'फवारणी करून घ्या' असा पालकांचा आग्रह आमच्याकडे येतो. काळजी आम्हांस समजते. परंतु औषध मारण्यापूर्वी ही अळी कोणाची, हे पाहणे इष्ट.

ही 'ओलिअँडर हॉक मॉथ' या पतंगाची अळी. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. लिनियसने १७५८ साली त्याची नोंद केली. आफ्रिका व दक्षिण आशिया हे त्याचे घर. उन्हाळ्यात काही पतंग थेट युरोपापर्यंत उडत जातात.

अळीच्या शेपटीकडे एक शिंग असते. मुले त्यास नांगी समजतात, पण ते टोचत नाही. तिला डिवचले की ती डोके आत ओढते आणि अंगावर दोन निळे-पांढरे 'डोळे' उघडे पडतात. ते नुसते ठिपके आहेत. पक्षी क्षणभर दचकला तरी तिचे काम झाले!

विद्यार्थी मित्रांनो, भ्यायचेच तर झाडाला भ्या. कण्हेरीचे पान, फूल, चीक, सारेच विषारी. त्यातील द्रव्ये हृदयाची गती बिघडवतात. अळी मात्र तीच पाने खाऊन पोसते. कण्हेरीला हात लागला तर हात धुवावेत, आणि कोणी पान चावलेच तर घरगुती उपचारात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

पूर्ण वाढलेली अळी तपकिरी होऊन खाली उतरते व पाचोळ्यात कोश करते. त्यातून निघणारा पतंग पंख पसरल्यावर सुमारे दहा सेंटिमीटर भरतो. हिरव्या रंगावर गुलाबी-पांढरे पट्टे. तिन्हीसांजेला तो फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबून लांब सोंडेने मध पितो. उडताना तो आपल्या शृंगिका कशा सावरतो, याचा अभ्यास बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी याच पतंगावर केला आहे.

म्हणून यंदा कुंपणावर फवारणी होणार नाही. शिशुवर्गाजवळची कण्हेर मात्र काढून तेथे जास्वंद लावत आहोत. कुंपणाखालचा पाचोळा दिवाळीपर्यंत जाळू नये, असे माळ्यास सांगितले आहे.