हळद शिजविण्याच्या वाफेच्या भट्टीची गळती : धूर कोठून येतो व पाणी कोठून टपकते

महाराष्ट्रात सांगली, सातारा, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांत हळदीचे पीक फार मोठ्या क्षेत्रावर घेतले जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु हळदीचा भाव जितका शेतात ठरतो, तितकाच तो शिजवणीच्या जागीही ठरतो. नऊ महिने जोपासलेले पीक शिजवणीच्या अर्ध्या तासात बिघडू शकते. कमी शिजलेले हळकुंड ठिसूळ होते व त्याला आतून सारखा रंग येत नाही. फाजील शिजलेले हळकुंड मऊ पडून त्याचा रंग उतरतो.

पूर्वी सर्वत्र काहिलीत पाणी घालून हळद शिजवीत असत. आता पुष्कळ ठिकाणी वाफेच्या भट्टीचा उपयोग होतो. या पद्धतीत वेळ, पाणी व सरपण यांची बचत होते. मात्र भट्टीच्या दारातून धूर येणे, खालून पाणी टपकणे, ड्रमाच्या झाकणातून वाफ निसटणे अशा तक्रारी हंगामात वारंवार ऐकू येतात. अशा वेळी बहुधा सर्व बोल्ट करकचून आवळले जातात किंवा जोड दिसेल तेथे डाग दिला जातो. दोष एकीकडे व उपाय दुसरीकडे असे झाल्याने गळती थांबत नाही, आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून प्रथम दोषाचे मूळ शोधावे व मगच पाना हाती घ्यावा.

भट्टीची रचना

या साधनाचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे जाळी, राखेची जागा, लाकूड घालण्याचे दार व धुराडे यांनी युक्त अशी भट्टी. दुसरा भाग म्हणजे भट्टीवरील पाण्याची टाकी, म्हणजेच बाष्पक. तिसरा भाग म्हणजे वाफेच्या नळीने जोडलेले ड्रम. प्रत्येक ड्रमात तळापासून काही अंतरावर सच्छिद्र जाळी असते व तिच्यावर हळकुंडे भरतात. तळाला पाणी सोडण्याची तोटी असते. धूर भट्टीत व वाफ ड्रमात, असे दोन वेगळे मार्ग असल्यामुळे गळतीही दोन प्रकारची असते. त्यांची गल्लत करू नये.

खालून टपकणारे पाणी : घाम की गळती?

सकाळी थंड पाणी भरून भट्टी पेटविली की थोड्याच वेळात दारातून किंवा राखेच्या जागेतून पाणी टपकू लागते. ‘टाकी फुटली’ असा समज होऊन काम थांबविले जाते. वास्तविक हे पाणी पुष्कळदा लाकडातूनच आलेले असते. अगदी कोरडे लाकूड जळतानाही त्यातील हायड्रोजनपासून पाण्याची वाफ तयार होते. एक किलो कोरड्या लाकडापासून सुमारे अर्धा लिटर पाणी या रीतीने निर्माण होते. लाकूड ओले असल्यास त्यातील ओलाव्याची वाफ निराळीच. ही वाफ थंड टाकीच्या पत्र्याला लागताच निवते आणि तिचे थेंब खाली गळतात. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, त्यातलाच हा प्रकार होय.

घाम व गळती ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत :

१. टाकीतील पाणी साधारण ६० अंश सेंटिग्रेडच्या पुढे तापले की घाम कमी होत जातो व पुढे थांबतो. गळती मात्र पाणी तापल्यावरही चालूच राहते.

२. घामाचे पाणी काळसर असून त्याला धुराचा उग्र वास येतो. गळतीचे पाणी बहुधा स्वच्छ असते व ते वाळल्यावर पत्र्यावर क्षारांचा पांढरा थर दिसतो.

३. खात्रीची परीक्षा विस्तव नसतानाच करावी. संध्याकाळी भट्टी निवल्यावर ती आतून झाडून घ्यावी, जाळीखाली कोरड्या राखेचा पातळ थर पसरावा, टाकी भरून जलदर्शक नळीवर पातळीची खूण करावी. सकाळी राख कोरडी व पातळी जागेवर असेल तर टाकी शाबूत आहे असे समजावे. राखेवर ओला डाग पडला असेल तर त्याच्या सरळ वरचा जोड तपासावा.

घाम कमी करण्यासाठी लाकूड फोडून, आडोशाला रचून, पुरते वाळलेले वापरावे. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे १० किलो लाकूड जाळले तर त्यातील ५ किलो पाणी उडवून लावण्यातच सुमारे ३,००० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. म्हणजे पाऊण किलो वाळलेले लाकूड केवळ धुराड्यातून वाफ सोडण्यासाठीच जाळल्यासारखे होते. शिवाय ओले लाकूड धुमसते व धुराड्यात काजळी आणि डांबरासारखा चिकट थर धरतो. पेटविताना प्रथम बारीक, कोरडे सरपण घालून जाळ लवकर मोठा करावा, म्हणजे पत्रा थंड राहण्याचा काळ कमी होतो.

दारातून येणारा धूर

दारातून धूर येतो तेव्हा दोष दाराचाच असतो असे नाही. धुराडे काजळीने अरुंद झाले असेल, जाळी राखेने चोंदली असेल किंवा ओले सरपण एकदम कोंबले असेल तर धुराला दाराखेरीज वाट उरत नाही. म्हणून आधी धुराडे व जाळी साफ करावी आणि त्यानंतरही धूर येत राहिल्यास दार तपासावे.

भट्टी थंड असताना कागदाची एक पट्टी दार व चौकट यांच्यामध्ये धरून दार बंद करावे व पट्टी ओढावी. ती अडून निघाली तर तेथे दार नीट बसते. सहज निघाली तर तेथे फट आहे. अशी परीक्षा चारही बाजूंनी करावी. यानंतर चौकटीच्या कडेला खडू फासून दार लावावे व उघडावे. दाराच्या खाचेतील दोरीवर खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. जेथे रेघ तुटलेली असेल तेथे दोरी दबलेली किंवा पत्रा वाकलेला असतो.

फट बिजागरीच्या बाजूला असेल तर झिजलेली खीळ बदलावी. कडीच्या बाजूला असेल तर कडीची पकड घट्ट करावी. दोरी कडक होऊन दबली असेल तर खाच खरवडून उष्णतारोधक काचतंतूची नवी दोरी बसवावी. पूर्वी या कामी ॲस्बेस्टॉसची दोरी वापरीत असत. तिचे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन असाध्य रोग होतात, म्हणून ती वापरू नये व जुनी असल्यास कोरडी खरवडू नये. चौकट व विटांचे बांधकाम यांमधील भेगा माती आणि राख यांच्या लिंपणाने बुजवाव्यात. दाराचा पत्राच वाकला असेल तर तो सरळ करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. जाड दोरी कोंबून वाकडे दार सरळ होत नाही.

धुमसणाऱ्या भट्टीचे दार एकदम उघडू नये. आत कोंडलेल्या धुराला हवा मिळताच जाळाचा लोळ बाहेर येतो. दार प्रथम बोटभर उघडावे, क्षणभर थांबावे व बाजूला उभे राहून मग पूर्ण उघडावे. बंदिस्त छपरात भट्टी लावू नये. धुराबरोबर येणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही, पण प्राणघातक असतो.

ड्रमात साचणारे पाणी

ड्रमाच्या तळाशी पाणी येणे हा दोष नव्हे. वाफ हळकुंडांवर निवून पाणी होते, तेव्हाच ती आपली उष्णता हळकुंडांना देते. एका ड्रमात २०० किलो ओली हळद असेल, तर ती २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे १२,७५० किलोकॅलरी लागतात. एक किलो वाफ निवताना ५४० किलोकॅलरी देते. या हिशेबाने प्रत्येक खेपेस सुमारे २३ ते २४ लिटर पाणी ड्रमात तयार होणारच. पहिल्या खेपेस थंड लोखंड तापविण्यात त्यात आणखी थोडी भर पडते.

७५ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमात एवढे पाणी साचले तर त्याची उंची पाच सेंटिमीटरांहून अधिक होते. जाळी तळापासून याहून कमी उंचीवर असेल व तोटी बंद असेल, तर खालची हळकुंडे पाण्यात व वरची वाफेत शिजतात. एकाच ड्रमातील माल दोन प्रतींचा निघतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून तोटी किंचित उघडी ठेवावी, जेणेकरून पाणी सतत वाहून जाईल व त्यामागून वाफेचा बारीक झोत दिसेल. तोटी मातीने तुंबू नये यासाठी हळद भरण्यापूर्वी स्वच्छ करावी. वाफेच्या नळीत ठकठक असा आवाज येत असेल तर तिच्या खोलगट भागात पाणी साचले आहे असे समजून नळीला उतार द्यावा.

झाकणातून निसटणारी वाफ

झाकणातून १० किलो वाफ वाया गेली तर ती तयार करण्यास लागलेली सुमारे ६,१५० किलोकॅलरी उष्णता वाया जाते. लाकडातील उष्णतेपैकी तिसरा हिस्सा पाण्याला मिळतो असे धरले, तरी हे सुमारे साडेचार किलो लाकडाचे नुकसान झाले. याकरिता झाकणाची रबरी पट्टी दर हंगामापूर्वी तपासावी, कडेवरची माती पुसावी व समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत.

तथापि झाकण घट्ट बसविणे निराळे व वाफेच्या सर्व वाटा बंद करणे निराळे. ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ २,८०० चौरस सेंटिमीटरांहून अधिक भरते. आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो एवढा वाढला तर झाकणावर २८ क्विंटल भार येतो. त्याच्या दहाव्या हिश्शाच्या दाबानेही जवळजवळ तीन क्विंटलांचा भार पडतो. म्हणून वाफ बाहेर जाण्याची वाट कधीही बुजवू नये. सुरक्षा झडप बांधून किंवा तिच्यावर वजन ठेवून अडवू नये. झाकण उघडण्यापूर्वी त्या ड्रमाची वाफ बंद करून तोटी पूर्ण उघडावी. टाकीतील पाणी आटून पत्रा तापला असेल तर त्यात थंड पाणी मुळीच ओतू नये. विस्तव ओढून काढावा, माणसांना दूर करावे व टाकी आपोआप निवू द्यावी.

हंगामापूर्वी व हंगामानंतर

हंगामाच्या आदल्या आठवड्यात धुराडे, दार, टाकी, झाकण व तोटी या क्रमाने तपासणी करावी. जेठे गड्डे व हळकुंडे वेगवेगळी शिजवावीत. बारीक काडी हळकुंडात सहज शिरली व शिजल्याचा विशिष्ट वास आला की वाफ बंद करावी. हंगाम संपल्यावर राख भट्टीत ठेवू नये. पावसाळी हवेत ती ओल धरते व पत्रा गंजवते. टाकी रिकामी करून कोरडी करावी व धुराड्यावर टोपी बसवावी.

भट्टी दुरुस्त ठेवण्यास खर्च थोडा, पण लक्ष मात्र नित्य द्यावे लागते. टपकणारा थेंब व निसटणारा धूर या दोहोंचे कारण ओळखून जो शेतकरी उपाय योजील, त्याचे सरपण वाचेल, माल एकसारखा शिजेल आणि शिजवणीच्या जागी राबणारी घरची व गावची माणसे सुखरूप राहतील.