पाण्यात जाणारा पहिला रोबोट: मुलांसाठी कोणतं मायक्रोकंट्रोलर किट घ्यावं?



आपल्या पाटोदा तालुक्यात मांजरा नदीचा उगम आहे, सौताड्याचा धबधबाही इथलाच. पण उन्हाळा लागला की पाणी म्हणजे टँकर आणि हंड्यांची रांग. त्यामुळे पाचवीतल्या एका मुलाने, "मॅडम, पाण्याखाली चालणारा रोबोट करायचा का?" असं विचारलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मग वाटलं, ज्या मुलांना पाण्याची किंमत कळते त्यांनीच हे का करू नये?

चार पालकांनी वर्गणी काढली, मी एक किट मागवलं. खोक्यावर भरपूर प्रयोगांची चित्रं होती. पहिल्याच तासाला आम्ही छोटी मोटार थेट बोर्डाच्या पिनला जोडली. ती जरा थरथरली आणि बोर्ड गेला तो गेलाच. जोडायला मीच सांगितलं होतं. पण वायर ज्याच्या हातात होती त्या मुलाला वाटलं, सगळ्यांचे पैसे आपण बुडवले. दोन दिवस तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले आणि चूक माझी होती हे त्याच्या आईसमोर सांगितलं.

मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नाही. त्या घटनेनंतर जे वाचलं आणि करून पाहिलं ते इथे मांडते. किट निवडताना "यात किती प्रयोग आहेत?" हा प्रश्न मी आता विचारत नाही. "मुलाची चूक यात किती रुपयांना पडेल?" हे आधी बघते.

आधी बोर्डाशिवाय करून बघा

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमधला छोटा संगणक. बटण दाबलं का ते तो बघतो आणि आपण लिहिलेल्या सूचनेप्रमाणे मोटार चालू-बंद करतो. पण पाण्यातल्या रोबोटला तो पहिल्या दिवशी लागतच नाही. अमेरिकेत एमआयटीच्या सी ग्रँट विभागाने २००३ मध्ये शाळांसाठी 'सीपर्च' हा उपक्रम सुरू केला. त्यातला रोबोट पीव्हीसी पाइपचा असतो. त्याच्या मोटारी कॅमेऱ्याच्या रिळाच्या रिकाम्या डबीत ठेवून मेणाने बंद करत. त्याच्या साध्या रूपात मायक्रोकंट्रोलर नाही, फक्त बटणं आणि लांब वायर. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतले विद्यार्थी 'मत्स्य' नावाची स्वयंचलित पाणबुडी बनवून रोबोसब या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. ते फार पुढचं काम. आपली सुरुवात सेल, बटण आणि पंपापासूनच व्हायला हवी.

बोर्ड पाण्यात उतरवायचा नाही

हे मला उशिरा कळलं. दर एक मीटर खोलीला एक चौरस सेंटिमीटरवर साधारण १०० ग्रॅम भार वाढतो. म्हणजे १० सेंमी लांब-रुंद झाकणाचा डबा एक मीटर खाली नेला, तर झाकणावर सुमारे १० किलो भार येतो. आपला जेवणाचा डबा तिथे गळणारच. म्हणून सुरुवातीला बोर्ड, सेल, बटणं सगळं काठावर, टेबलावर कोरडं ठेवायचं. पाण्यात जातील फक्त पंप, सांगाडा आणि सेन्सर.

"वायर कशाला, वाय-फायवाला बोर्ड घेऊ," असं एका पालकांनी सुचवलं. पण वाय-फाय आणि ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, त्या पाणी पटकन शोषून घेतं. थोडं खोल गेलं की संपर्क तुटतो. म्हणून वायर हवीच. जुनी लॅन केबल त्यासाठी उत्तम, तिच्यात आठ बारीक तारा असतात. तीन पंपांना मिळून एक सामाईक धन तार आणि प्रत्येकाची एक, अशा चार. तापमानाच्या सेन्सरला तीन. झाल्या सात, एक शिल्लक. पाच मीटर केबल आम्हाला पुरली.

चार बोर्ड, एकेक करून

१) मायक्रोबिट: बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांसाठी आणला. २५ दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर त्यातच आहे. ठोकळे जोडून प्रोग्राम करता येतो. तिसरी-चौथीच्या मुलांना सर्वात सोपा हाच. पण चिमटे लावता येतील अशा मोठ्या पिना तीनच. पंप जोडले की सेन्सरला वेगळा जोडपट्टा लागतो. शिवाय तो युनोसारख्या बोर्डापेक्षा बराच महाग. बिघडला तर पूर्ण बोर्ड बदलावा लागतो.

२) आर्डुइनो युनो आर३: आर्डुइनोची सुरुवात २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरिया गावात विद्यार्थ्यांसाठीच झाली. त्याची रचना सर्वांना खुली असल्यामुळे त्याच नकाशावर बनवलेले स्वस्त बोर्ड काही शे रुपयांत मिळतात. तो ५ व्होल्टवर चालतो आणि बाजारातले बरेच स्वस्त सेन्सरही ५ व्होल्टचेच असतात. एमब्लॉक वापरून यालाही ठोकळ्यांनी प्रोग्राम करता येतो.

३) रास्पबेरी पाय पिको: २०२१ मध्ये आला. स्वस्त आणि ताकदवान. पण ३.३ व्होल्टचा. ५ व्होल्टच्या सेन्सरची तार चुकून थेट जोडली तर पिन जाऊ शकते. बऱ्याचदा पिनांना डाग देण्याचं कामही आपल्यालाच करावं लागतं. आठवीच्या पुढे चांगला.

४) ईएसपी३२: यात वाय-फाय आहे, पण पाण्याखाली त्याचा उपयोग नाही हे वर पाहिलंच. बोर्ड काठावर ठेवून मोबाईलवरून चालवायचा असेल तर पुढच्या वर्षी जरूर घ्या. हाही ३.३ व्होल्टचा.

माझी निवड युनो आर३. मागवताना एक गोष्ट नक्की बघा. या बोर्डाचे दोन प्रकार येतात. एकात चिप बारीक चौकोनी आणि बोर्डालाच कायमची चिकटवलेली. दुसऱ्यात चिप लांबट काळी, २८ पायांची आणि सॉकेटमध्ये बसवलेली. दुसरा प्रकारच घ्या. मुलांकडून चिप जळाली तर ती उचकटून नवी बसवता येते. फक्त ती 'बूटलोडर' भरलेली मागवायची. पहिल्यांदा मला हे माहीत असतं तर तो मुलगा दोन दिवस घरी बसला नसता.

किटमध्ये नेमकं काय हवं?

युनोची एक पिन साधारण २० मिलिअँपिअर आरामात देते. छोट्या पंपाला २०० च्या आसपास लागतात. पाच लिटरची कळशी पेलणाऱ्या मुलाच्या डोक्यावर पन्नास लिटरचं पिंप ठेवण्यासारखं झालं हे! म्हणून मध्ये ड्रायव्हर हवाच. तो पंपाला सेलमधून वीज देतो, बोर्ड फक्त इशारा करतो.

बऱ्याच साध्या स्टार्टर किटमध्ये एक छोटी स्टेपर मोटार आणि तिच्यासोबत यूएलएन२००३ ड्रायव्हरची पट्टी असते. मोटार बाजूला ठेवा, पट्टी वापरा. तिच्यावर चार बाहेरच्या वाटा आणि एक सामाईक धन पिन असते. आपल्या तीन पंपांना एवढं पुरतं. चाकं आणि सांगाडा असलेलं रोबोट-कारचं किट घेऊ नका. निम्मं सामान पाण्यात उपयोगाचं नाही.

यादी अशी: युनो आर३ (सॉकेटवाला), यूएलएन२००३ पट्टी, ३ ते ६ व्होल्टचे पाण्यात बुडणारे तीन छोटे पंप, चार पेन्सिल सेलचा खोका (६ व्होल्ट), तीन बटणं, ब्रेडबोर्ड, तारा आणि डीएस१८बी२० हा पाण्यात चालणारा तापमान सेन्सर, सोबत ४.७ किलोओहमचा एक रोध. सेलची ऋण तार, ड्रायव्हरची ऋण तार आणि बोर्डाची जीएनडी पिन एकमेकांना जोडायला विसरू नका. आमचा एक अख्खा तास यात गेला. बोर्ड संगणकाला दिसलाच नाही तर दोन गोष्टी तपासा: केबल फक्त चार्जिंगची तर नाही ना, आणि स्वस्त बोर्डांना लागणारा सीएच३४० ड्रायव्हर संगणकात टाकलाय ना.

सांगाडा अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा. पंपातून मागे पाणी फेकलं की सांगाडा पुढे जातो. दोन पंप पुढे जायला आणि वळायला. तिसरा पंप वरच्या दिशेला पाणी फेकतो, म्हणून रोबोट खाली जातो. सांगाडा जरासा तरंगेल एवढंच वजन ठेवा, म्हणजे सेल संपले तरी तो आपोआप वर येईल. इथे तरंगणं-बुडणं पुन्हा शिकवा: एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो आधार मिळतो. वाळूच्या पुड्या बांधत, सोडत मुलं हे स्वतः शोधतात. तारांचे जोड डाग देऊन गरम गोंदाने झाका, नाहीतर ते काही दिवसांत हिरवे पडतात.

या चार गोष्टींत तडजोड नको

१) शेततळ्यावर प्रयोग कधीच नाही. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर गावोगावी शेततळी झाली. प्लास्टिक कागदाचा उतार ओला झाला की इतका निसरडा होतो की पडलेल्याला वर येता येत नाही, पोहता येत असलं तरी. विहीर, ओढा, बंधाराही नको. प्रयोग टबात किंवा अर्ध्या कापलेल्या पिंपात, आणि एक मोठं माणूस कायम शेजारी.

२) कूलरचा पंप वापरायचा नाही. तो घरच्या २३० व्होल्टवर चालतो. पाण्याजवळ फक्त सेल. लॅपटॉपही चार्जर काढून.

३) लिथियम बॅटरी सुरुवातीला नको. ओली होऊन शॉर्ट झाली तर पेट घेऊ शकते.

४) पाणी फेकायचं नाही. आम्ही हा प्रयोग पावसाळ्यानंतर करतो आणि टबातलं पाणी शाळेच्या झाडांना घालतो.

मुलांनी काय शोधलं?

पहिल्या आठवड्यात फक्त सेल, बटण आणि पंप. दुसऱ्यात बोर्ड आणि एक दिवा. तिसऱ्यात ड्रायव्हर आणि पंप. चौथ्यात सेन्सर. ही घाई न केल्यामुळे दुसऱ्या खेपेला आमचं काही जळलं नाही.

दुपारी उन्हात ठेवलेल्या पिंपात सेन्सर दोरीने सोडला, तर वरचं पाणी गरम आणि तळाचं गार. मग तोच सेन्सर रोबोटला बांधून खाली पाठवला, तर फरक जवळपास नाहीसा! सेन्सर बिघडला असं मला वाटलं. तेव्हा तोच मुलगा, जो दोन दिवस शाळेत आला नव्हता, म्हणाला, "मॅडम, पंपानं पाणी ढवळलं ना. वरचं खाली गेलं." पंप बंद केला, थोडा वेळ थांबून पुन्हा दोरीनेच मोजलं. पाणी खरंच एकसारखं झालं होतं. मोजायला गेलो आणि मोजायची गोष्टच बदलून बसलो, हे मला डी.एड.च्या पुस्तकातून इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

पालकांना शेवटची विनंती. अटल टिंकरिंग लॅब सहावी ते बारावीसाठी आहे, आपल्या प्राथमिक शाळांना ती मिळत नाही. तेव्हा पैसा बहुधा तुमच्याच खिशातून जाणार. तो एका महागड्या खोक्यावर खर्च करू नका. साधा बोर्ड घ्या, एक जादा चिप घ्या, दोन जादा पंप घ्या. आणि पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाका: यातलं काहीतरी बिघडणार आहे, त्यासाठीच हे जादा आणलंय. आमच्या वर्गात हे सांगितल्यापासून वायर हातात घ्यायला कुणी घाबरत नाही.