शोकाचा सांडवा

वारकरी सज्जनहो, ज्या घरी मृत्यू घडला त्या घरी रात्री टाळ घेऊन भजनास जाण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. ती कशासाठी, आणि नीट कशी चालवावी, एवढाच आजचा विचार.

प्रथम शास्त्र पाहू. भरतमुनींनी शोक हा करुण रसाचा स्थायी भाव सांगितला. पण शोक आणि रस एक नव्हेत. शोक ज्याचा त्याचा असतो, रस सर्वांचा होतो. भट्टनायकांनी यास ‘साधारणीकरण’ म्हटले. भवभूतींच्या ‘उत्तररामचरिता’त तिसऱ्या अंकी राम विलाप करतो, तेव्हा तमसा नदी सीतेला सांगते त्याचा भाव असा : तळे तुडुंब भरले की पाणी वाहू देणे हाच उपाय, शोकाने भरलेले हृदयही बोलून-रडूनच तगते. शेतकरी मंडळींना हे काय सांगावे? सांडवा नसलेल्या तळ्याचा बांध फुटतो.

येथे कोणी शंका घेईल, ‘महाराज, आत्मा अमर म्हणता, मग रडणे हे अज्ञानच की!’ याचे उत्तर संतचरित्रात आहे. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशीस माउलींनी आळंदीस समाधी घेतली. वय अवघे एकवीस. पुढच्या काही महिन्यांत सासवडला सोपानकाका, तापीतीरी मुक्ताई आणि त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ, अशी ती भावंडे एकामागून एक गेली. नामदेवरायांना काय ज्ञान कमी होते? तरी त्यांच्या समाधीच्या अभंगांत अश्रू लपविलेले नाहीत. आणि त्यात केवळ नामदेवांचे दुःख नाही. निवृत्तिनाथांचे आहे, सोपान-मुक्ताईचे आहे, जमलेल्या संतमंडळींचे आहे. प्रत्येकाच्या शोकाला तेथे जागा आहे. आजही त्या तिथीस आळंदीत नामदेवरायांच्या वंशजांपैकी नामदास महाराजांचे कीर्तन होते, आणि ज्यांनी माउलींना डोळ्यांनी पाहिले नाही त्यांचेही डोळे भरून येतात. साधारणीकरण म्हणतात ते हेच.

आता हे समुदायातच का साधावे? एकट्याने गाता गाता कंठ दाटला, की गाणे तेथेच थांबते. दिंडीत तसे होत नाही. एकाचा आवाज बसला तर मागचे टाळकरी ध्रुपद उचलून धरतात, मृदंग ठेका सोडत नाही. तो डोळे पुसतो आणि पुढच्या आवर्तनाला पुन्हा मिळतो. रडायलाही वाव, आणि परत यायलाही वाट. आम्ही कीर्तनाला उभे राहतो तेव्हा हे नित्य पाहतो.

म्हणून आमची चार मागणी आहेत. पहिले, दुःखितास नुसता श्रोता करून बसवू नका. त्याच्या हाती टाळ द्या. त्याने खाली ठेवला तर आग्रह करू नका. दुसरे, ‘रडू नको’ म्हणू नका, आणि गेलेल्याच्या आवडीचा अभंग घरच्यांना विचारून घ्या. तिसरे फार महत्त्वाचे. पुरुष ओसरीवर भजन करतात आणि जिचा नवरा गेला ती माजघरात भिंतीकडे तोंड करून बसते, हे अजूनही घडते. ज्या संप्रदायात मुक्ताई, जनाबाई, सोयराबाई यांची वाणी आपण गातो, तेथे हे शोभते काय? तिला पुढे बोलवा. जात्यावर ओव्या गाऊन दुःख हलके करणाऱ्या बायांची ती लेक आहे. तिला गाणे शिकवावे लागत नाही, जागा द्यावी लागते. चौथे, तेराव्यानंतर सगळे पांगतात आणि खरे एकटेपण तेव्हा सुरू होते. निदान वर्षभर प्रत्येक एकादशीस त्या घरचे माणूस भजनात आहे ना, हे पाहा. कोणाचे अन्न-झोप तुटलेलीच राहिली, जगणे नको झाले, तर वैद्याकडेही न्या. भजन त्याच्या आड येत नाही.

भजनाने गेलेला परत येत नाही. पण मागे राहिलेला माणूस परत माणसांत येतो. तेवढे आपल्या हाती आहे, ते करावे.

रामकृष्णहरि.