रेघांवर उभं केलेलं वाक्य

चि. मनू हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

इंग्रजीचे नियम पाठ आहेत, तरी लांब वाक्यात कर्ता सापडत नाही, असं तू लिहिलंस. मग काही दिवस नियमांचं पुस्तक मिटून ठेव आणि वाक्यांच्या आकृत्या काढ. ब्रुकलिनच्या अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या शिक्षकांनी 1877 मध्ये ‘हायर लेसन्स इन इंग्लिश’ या पुस्तकात ही रीत मांडली. पुढे अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या ती फळ्यावर शिकल्या. मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करणात तू उद्देश्य आणि विधेय वेगळं करायचीस, तेच इथे रेघांनी करायचं.

एक आडवी रेघ ओढ. तिला आरपार छेदणारी उभी रेघ मार. डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद. पुढे कर्म असेल तर मध्ये आखूड उभी रेघ, आडव्या रेघेवरच थांबणारी. पूरक असेल तर ती रेघ कर्त्याकडे झुकलेली. विशेषणं ज्या शब्दाची, त्याच्याखाली तिरक्या रेघेवर.

‘द क्वालिटी ऑफ दीज मँगोज इज गुड’ हे वाक्य घे. पुष्कळ मुलं इथे ‘आर’ लिहितात, कारण क्रियापदाला ‘मँगोज’ खेटून आहेत. आकृतीत आंबे ‘क्वालिटी’च्या खाली जातात आणि मुख्य रेघेवर उरतं ‘क्वालिटी इज गुड’. मग चूक करायला जागाच उरत नाही.

आता जरा अवघड. ‘शी रोट टू हर ब्रदर इन पुणे.’ यातलं ‘इन पुणे’ कुठे लावशील? ‘ब्रदर’खाली लावलंस तर भाऊ पुण्यातला, ‘रोट’खाली लावलंस तर लिहिणारी पुण्यात. मराठीत ‘पुण्यातल्या’ आणि ‘पुण्यात’ एवढ्यावर उलगडा होतो. इंग्रजीत तो संदर्भावरून वाचणाऱ्यानेच करायचा. मला ही रीत आवडते ती यासाठीच: पेन्सिल टेकवण्याआधी अर्थ ठरवावाच लागतो.

मात्र आकृतीत शब्दांचा मूळ क्रम मोडतो, आणि इंग्रजीत क्रम फार महत्त्वाचा. म्हणून आकृती झाली की मूळ वाक्य मोठ्याने वाच. प्रत्येक वाक्याची आकृती काढत बसू नकोस. अडेल त्याचीच काढ. आधी क्रियापद शोध, मग ‘कोण?’ असं त्यालाच विचार.

या आठवड्यात अडलेली दोन-तीन वाक्यं आकृत्यांसकट पाठव. खोडलेल्या रेघा पुसू नकोस. कुठे अडखळलीस ते मला त्यांतूनच कळेल.

तुझी,
मावशी